काचेतली बाई

गेल्या शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास कासारवाडीतील एका गॅरेजमध्ये सात पुरुषांनी माझ्या गाऊनची पाहणी केली. गाऊन माझ्या अंगात नव्हता, मोबाइलच्या पडद्यावर होता, आणि पाहणाऱ्यांत माझा नवराही होता. परंतु या दोन्ही गोष्टींनी मला अद्याप म्हणावा तसा दिलासा मिळालेला नाही.

आमची मारुती ८०० ही २००९ सालची. पंधरा वर्षे झाल्यावर तिची पुनर्नोंदणी केली, पर्यावरण कर भरला, आणि आणखी पाच वर्षे ती रस्त्यावर राहणार हे सरकारदरबारी ठरल्यावर तिच्या रूपाकडे लक्ष गेले. मूळचा पांढरा रंग बॉनेटवर खडूसारखा झाला होता. हात फिरवला की फळा पुसल्यासारखा तळहात दिसे. नवा रंग द्यायचाच, तर पुन्हा पांढराच का, असा प्रश्न मला पडला आणि तिथून पुढच्या अकरा रात्री वाया गेल्या.

फोटोशॉपच्या वर्गणीचा आकडा पाहून मी गिम्प नावाचे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतले. वाहनतळावर उभ्या असलेल्या गाडीचा एका बाजूने फोटो काढला आणि रंगछटा बदलण्याची पट्टी डावी-उजवीकडे सरकवू लागले. मागच्या भिंतीचा पिवळा रंग जांभळा झाला, कुंडीतली तुळस निळी झाली, गाडी मात्र ढिम्म पांढरीच राहिली. पांढऱ्या रंगाला मुळात छटाच नसते, त्यामुळे फिरवायचे तरी काय, हे कळायला मला दोन रात्री लागल्या. गाडीवर रंगाचा वेगळा थर टाकून तो ‘मल्टिप्लाय’ या पद्धतीने खालच्या चित्रात मिसळायचा असतो, म्हणजे पत्र्याच्या घड्या, दारांच्या फटी आणि हँडलखालचा अंधार तसाच राहतो आणि पांढऱ्याच्या जागी रंग येतो. त्यानंतर रंग जिथे नको तिथून तो वगळायचा. चाके, दिवे, बंपर आणि काचा, विशेषतः काचा, मी चार रात्री खपून, एकेक टिंब टाकत, रंगापासून वाचवल्या. एकाही काचेच्या कडेवर रंगाचा कण येऊ दिला नाही. काचेत काय दिसते आहे हे पाहण्याचे मात्र त्या चार रात्रींत मला एकदाही सुचले नाही.

मधल्या एका रात्री मी गाडी चार इंच खाली बसवली, रुंद टायर घातले आणि टपाला उघडझाप करणारी काच लावली. संगणकावर या सगळ्याला खर्च येत नाही आणि नवऱ्याला विचारावेही लागत नाही. परंतु मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचल्यावर कारखान्याने ठरवून दिलेल्या रचनेला हात लावता येत नाही हे कळले, आणि मी मुकाट्याने गाडी पुन्हा चार इंच वर उचलली. रंगापुरती मोकळीक आहे, मात्र तो बदल आरटीओत कळवून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. मी तो अर्जही भरून ठेवला होता; फक्त रंगाची जागा रिकामी सोडली होती.

रंग ठरला तो गडद ऑलिव्ह हिरवा. त्या रंगात आमची गाडी एखाद्या जुन्या संस्थानिकाने शिकारीसाठी ठेवल्यासारखी दिसत होती. सोबत मी रंगाचा सहा अक्षरांचा संगणकीय कोडही लिहून नेला : ५५६बी२एफ. मिस्त्रीने तो कागद उन्हात धरून पाहिला, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिले आणि त्याला विचारले, “साहेब, ही कुठल्या राज्याची पासिंग?”

नवरा केवळ येताना मला मागे बसवून आणण्यासाठी स्कूटर घेऊन आला होता, कारण गाडी आदल्या दिवशीच तिथे सोडली होती. त्याला फोटोतला निम्मा भाग कापून टाकणेसुद्धा जमत नाही. तरीही मी मोबाइल पुढे केला की मिस्त्री तो माझ्या हातातून घेऊन त्याच्या हातात देत होता, आणि नवरा, जो घरात कपाटाचा रंग विचारला तरी “तुला योग्य वाटेल तो” म्हणतो, तिथे हनुवटी चोळत “हं, शेड चांगली आहे” असे म्हणत होता. “साहेबांनी मेहनत केलीये,” असे मिस्त्री आपल्या हाताखालच्या पोराला म्हणाला. नवऱ्याने ते खोडून काढले नाही. याबद्दल आमचे घरी नंतर बोलणे झाले, आणि ते अजून संपलेले नाही.

अशा वेळी त्या गॅरेजात माझ्या चित्राकडे चित्र म्हणून पाहणारा एकच माणूस निघाला. रंगाच्या पालथ्या डब्यावर एक सत्तरीचे काका बसले होते. स्कूटरची रंगवलेली डिकी वाळण्याची ते वाट पाहत होते. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षे रंगकाम करून निवृत्त झालेले असल्याचे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले, आणि नवऱ्याच्या हातातला मोबाइल काढून घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, तो नाकापासून वीतभर अंतरावर धरला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी मान वर करून, नवऱ्याला ओलांडून, थेट मला विचारले, “हे तुम्ही केलंय का, ताई?”

मी अभिमानाने हो म्हणाले.

“गाडी उडतीये,” काका म्हणाले.

“म्हणजे?”

“खाली सावली कुठाय? मागची भिंत पुसलीत, तिच्याबरोबर सावलीपण पुसली. जमिनीला टेकलेल्या वस्तूला सावली असती. भुताला नसती.”

मी म्हटले की मुद्दा रंगाचा आहे, सावली ही दुय्यम गोष्ट आहे. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी प्रायमर ही दुय्यम गोष्ट आहे असे म्हणाले होते.

“नंबर प्लेट कुठाय?”

“खासगी माहिती म्हणून पुसली.”

“म्हणजे सावली नाही, नंबर नाही. चोरीची दिसतीये.” एव्हाना शेजारच्या गाडीवर पॉलिश पेपर घासणारी दोन पोरे काम थांबवून जवळ आली होती. “आणि ह्या रंगाचं म्हणाल, तर हा मिलिटरीचा. सिव्हिल माणसाला लावता येत नाही. आम्ही हिरवा लावला तो एसटीच्या हिरकणी बसला, पण तो हिरवा वेगळा. हा लावून मिलिटरीच्या सीएमई कॉलेजच्या गेटसमोरनं जाऊन बघा एकदा.”

हे मला खरे वाटले नाही, आणि मी तसे बोलून दाखवले. रात्री घरी येऊन पाहिले तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ तंतोतंत तेच सांगतो : ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणी लावायचा नाही. अकरा रात्री मी जो रंग घोटत बसले, तोच एक मला लावता येत नव्हता; आणि पालथ्या डब्यावर बसलेल्या माणसाला तो नियम तोंडपाठ असावा आणि कायद्याची कलमे शोधून काढणाऱ्या मला नसावा, याचा राग अजून गेलेला नाही.

परंतु खरी वेळ त्यानंतर आली. काकांनी दोन बोटांनी चित्र मोठे केले, मागच्या दाराच्या काचेपाशी थांबले आणि विचारले, “ही बाई कोण?”

“कुठली बाई?”

“काचेत. गाऊन घातलेली.”

मी चार रात्री जिवापाड जपलेल्या त्या काचेत, सकाळी पावणेसातच्या कोवळ्या उन्हात, मोबाइल दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरलेली मी होते. मोठ्या जांभळ्या फुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल, डोक्याला तेल. माझ्यामागे दोरीवर पहिल्या मजल्यावरच्या काकूंचे दोन परकर वाळत होते. ज्या भिंतीला मी चित्रातून हद्दपार केले ती गाडीच्या पलीकडे होती. अलीकडचे सगळे जग काचेत सुखरूप राहिले होते.

“बघू,” मिस्त्री म्हणाला. “बघू,” असे पोरे म्हणाली. चहाचे ग्लास गोळा करायला आलेला मुलगाही थांबला. मोबाइल हातोहात फिरला आणि ज्याच्या हाती गेला त्याने दोन बोटांनी मला आणखी मोठे केले. कोणीही हसले नाही. त्यांनी ते चित्र एखाद्या अपघाताच्या पंचनाम्याच्या गांभीर्याने पाहिले. शेवटी प्रश्न पुन्हा नवऱ्यापुढे आला आणि तो म्हणाला, “हीच आहे.” अकरा रात्रींच्या कामाचे श्रेय गप्प राहून घेणारा माणूस या एका बाबतीत तत्काळ खरे बोलला.

“फोटोत आधी आरसे-काचा बघायच्या असतात, ताई,” काका मला समजावून म्हणाले. “बस रंगवल्यावर आम्ही काचेत आपलं तोंड बघायचो. तोंडावर रंग असला तर काचेवरपण असतोच.” या वाक्याचा माझ्या गाऊनशी काय संबंध, हे मी आठवडाभर शोधते आहे.

मिस्त्री मात्र तेवढ्यात एका जुन्या गाडीच्या काचांवर मराठी वर्तमानपत्राची पाने टेपने चिकटवत होता. चार काचा, दिवे आणि रबर असे सगळे त्याने वीस मिनिटांत झाकले. माझ्या चार रात्रींचे काम होते ते. शिवाय त्याच्या काचेत कोणीही दिसत नव्हते, फक्त वधू-वर पाहिजेत या सदराचे पान दिसत होते.

माझा राग वाढवायला त्याच गॅरेजात एक जीप उभी होती. २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेली काळी फिल्म तिच्या सगळ्या काचांवर होती, बंपरवर विहिरीत सोडता येतील एवढे दिवे होते, आणि नंबर प्लेटवरील ४१४१ हा आकडा ‘दादा’ असे वाचता येईल अशा रीतीने वळवलेला होता. तिच्या मालकाला कोणी विचारले नाही की सावली कुठाय. त्याने आरसीत काय नोंदवले असेल, कुठला फॉर्म भरला असेल, याची काळजी तिथे कोणालाही नव्हती. ते दिवे रात्री समोरून डोळ्यांत आले की रस्ता आंधळा होतो आणि माझ्यासारखी कडेने जाणारी गाडी खड्ड्यात जाते. मी मात्र एका जुन्या मोटारीला विटेचा रंग देण्यासाठी आरटीओच्या रांगेत उभी राहणार, आणि खिडकीपलीकडचा माणूस मला विचारणार की पांढऱ्याला काय झाले होते.

होय, विटकरी. काकांचे म्हणणे तेव्हा पटले नव्हते, तरी हिरव्यावरून माझे मन उडाले होते, म्हणून मी तिथल्या तिथे, मनाशीच, विटकरी ठरवला आणि मिस्त्रीला शेड कार्डावर बोट ठेवून दाखवला. मोबाइलच्या पडद्याचा उजेड आणि पत्र्यावरचा रंग यांची तुलना करण्यात अर्थ नाही एवढे मला कळले होते : माझ्या मोबाइलवर जो हिरवा राजेशाही होता तो नवऱ्याच्या मोबाइलवर पुदिन्याची चटणी दिसत होता, आणि मिस्त्रीच्या तडकलेल्या पडद्यावर सरळ शेणाचा. काकांनी कार्ड पाहिले आणि समाधानाने मान हलवली. “म्हणजे तांबडाच. चांगला आहे. धूळ दिसत नाही.” मी म्हटले, हा एसटीचा तांबडा नाही, हा विटकरी आहे. “दोन उन्हाळे जाऊ द्या,” ते म्हणाले, आणि आपली डिकी बोटाने टोकरून वाळली का ते पाहू लागले.

त्या रात्री मी पुन्हा संगणकापुढे बसले. हिरवा थर काढून विटकरी टाकला. गाडीखाली सावली काढली. चाकांजवळ गडद, मध्ये फिकट, कडेला विरत गेलेली. काका बरोबर होते, गाडी जमिनीवर आली. मग काचेतून स्वतःला काढायला घेतले, आणि ते जमेना, कारण मी तिथून गेल्यावर काचेत काय दिसायला हवे होते हे मला ठाऊक नव्हते. रात्री सव्वा वाजता मी नाद सोडला, गाऊनवरची जांभळी फुले तेवढी विटकरी केली, आणि चित्र मिस्त्रीला पाठवून खाली लिहिले की चित्र मीच केले आहे, रंग मीच ठरवला आहे, आणि काही शंका असल्यास मला फोन करावा.

सकाळी सातला उत्तर आले. “ओके सर.”