पाचातलं एक सांगा, मामा

लातुरात बारावी सायन्स करून पोरगं बीबीएला गेलं, की नातेवाईक आधी आवाज खाली आणतात. "नीटला किती पडले होते?" हे मयताला आल्यासारखं विचारतात. मी नीट दिलीच नव्हती, हे आजही कुणाला पटत नाही. लातूर पॅटर्नच्या गावात राहून नीट न देणं म्हणजे पंढरपुरात राहून देवळात न जाणं. आत्यानं मात्र बीबीए ऐकून 'बीएपेक्षा एक बी जास्त' असा हिशोब लावला आणि 'आमचा डबल बीए करायला' म्हणून गावभर सांगितलं. मी दुरुस्ती केली नाही. 2024 पासून बीबीएलाही सीईटी लागली, तेव्हा आत्याच्या नजरेत कोर्सची किंमत वाढली. माझी नाही, कारण मी आधीच आत शिरलो होतो.

अभ्यासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. व्यवस्थापनशास्त्राचा गुरू फेयॉल, त्याची 14 तत्त्वं पाठ केली. त्यातलं एक असं, की माणसाला हुकूम देणारा साहेब एकच असावा. हे मोठ्यानं वाचत असताना आईनं दळणाला पिटाळलं, आजीनं गोळ्या आणायला, आणि अण्णांनी "आधी बँकेत जाऊन ये" म्हणून.

खरा दणका बसला तो शेवटच्या वर्षी, प्रोजेक्टमध्ये. विषय घेतला 'आडत व्यवहाराबाबत शेतकऱ्यांचे समाधान'. आडत म्हणजे यार्डातल्या दलालामार्फत माल विकणं. अण्णा मार्केट यार्डात मुनीम, त्यामुळं माणसं आयती मिळतील हा माझा व्यवस्थापकीय विचार. पुस्तकात याला सोयीस्कर नमुना निवड म्हणतात. अण्णा आळस म्हणतात. प्रश्नावली तयार झाली, शेवटी पाच खाने: अत्यंत समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी, अत्यंत असमाधानी. 50 झेरॉक्स काढल्या, पॅड घेतलं, शर्ट इन केला.

इन करणं ही चूक होती.

2024 ची दिवाळी नुकतीच झालेली, यार्डात सोयाबीनचे ढीग. सौदा निघायची वाट बघत पोत्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यापुढं मी उभा राहिलो.

"मामा, थोडी माहिती पाहिजे होती. नाव सांगा."

मामांनी पॅडकडं बघितलं, इन केलेल्या शर्टाकडं बघितलं आणि बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. आधारची झेरॉक्स.

"सातबारा बी लागंल का? गाडीत हाय."

"मामा, हे सर्वेक्षण आहे. कॉलेजचं."

"आसू दे की. लिव."

त्या साली एक रुपयात पीक विमा भरलेला, पावसानं रान धुतलेलं, आणि कुणीतरी पॅडवर नावं लिहून घ्यायला लागलंय. एवढं बघितल्यावर पुढचं काय सांगायचं? पाच मिनिटांत माझ्यापुढं रांग. मागून एकजण ओरडला, "आरं, इम्याचं लिहायलेत, या लवकर!" मी नाही नाही म्हणालो, तसा लोकांचा विश्वास वाढत गेला. खरा सरकारी माणूस आधी नाहीच म्हणतो, हे त्यांना माहीत होतं.

मी शास्त्र सोडलं नाही. "मामा, या पाचातलं एक सांगा."

"मधलं काय हाय?"

"तटस्थ. म्हणजे समाधानी पण नाही, असमाधानी पण नाही."

"मंग पंचवीस किलोमीटर कशाला आलो असतो? घरीच बसलो नसतो का तटस्थ?"

त्यांच्या मागचा तर पाचही खाने ऐकून शांत उभा होता. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, आणि सौदा त्याच्या पाच-सहाशे खाली निघालेला. "पाचव्याच्या खाली काय न्हाई का?" त्यानं विचारलं. लायकर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1932 मध्ये ही पाच खान्यांची मोजपट्टी मांडली, पण त्यानं सोयाबीन विकलेलं नव्हतं. मी पेनानं सहावा खाना आखला. संध्याकाळी मोजलं, तर पाय-चार्टची सगळ्यात मोठी फोड त्याच खान्याची.

फॉर्म 50, माणसं 81. उरलेल्या 31 जणांनी आडतीच्या पट्टीमागं, म्हणजे विक्रीच्या पावतीमागं, नाव, गाव, गट नंबर लिहून दिलं. अण्णा गादीवरून सगळं बघत होते. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली यार्डात. माझ्याकडं कुणी स्वतःहून झेरॉक्स देत न्हाई."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, प्रतिसादाचं प्रमाण किती? मी म्हणालो, 162 टक्के. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग परिशिष्टातल्या आधारच्या झेरॉक्स चाळत म्हणाले, "हे काय आहे?"

"प्राथमिक माहिती, सर."

पास झालो. झेरॉक्स एकेकाच्या पत्त्यावर परत करायचं ठरवलं होतं, त्यातल्या बऱ्याच अजून कपाटात आहेत. परवा बसस्टँडवर ते पहिले मामा भेटले. मी तोंड फिरवायच्या आत त्यांनी ओळखलं.

"लेकरा, आलं न्हाई आजून."

"मामा, तवाच सांगितलं ना, ते कॉलेजचं होतं."

मामांनी जरा विचार केला. "कॉलेजचं तर कॉलेजचं. खातं तेच हाय म्हणून सांग त्यांना."

एवढं बोलून ते औशाच्या बसमध्ये चढले आणि खिडकीतून परत हात बाहेर काढला. हातात आधारची नवी झेरॉक्स होती. "जुनी हरवली आसंल तर ही ठिव."