अठ्ठेचाळीस तासांत संशोधन

गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक निमंत्रण आले. ‘आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, पीअर रिव्ह्यूड’ (म्हणजे त्या विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेले) असे बिरुद मिरवणाऱ्या एका जर्नलला, म्हणजे संशोधन-नियतकालिकाला, पुढील अंकासाठी विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, कृषी धोरण ‘आणि इतर सर्व विषयांवरील’ लेख हवे होते. स्वीकृती 48 तासांत, शुल्क 1,500 रुपये, प्रमाणपत्र घरपोच. मी एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. शेवाळांवरचा माझा लेख आणि भूसंपादन कायद्यावरचा कुणाचा तरी लेख एकच संपादक मंडळ दोन दिवसांत तपासणार असेल, तर ते मंडळ अलौकिक विद्वानांचे तरी असले पाहिजे, नाहीतर काहीही तपासायचे नाही असे त्याने ठरवले तरी असले पाहिजे.

या दुकानदारीवर हसणे सोपे आहे. पण दुकान चालते ते गिऱ्हाईक आहे म्हणून, आणि ते गिऱ्हाईक आपल्याच व्यवस्थेने तयार केले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी ‘एपीआय’ (शैक्षणिक कामगिरी निर्देशांक) गुणांची पद्धत आणली आणि प्रत्येक लेखाला भाव ठरला. त्याआधीच, 2009 च्या नियमांनी, पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रकाशित करणे सक्तीचे केले होते. आठवड्याला सोळा तास वर्गात उभा राहणारा, परीक्षेचे आणि प्रवेशाचे काम करणारा, प्रयोगशाळेत धड सूक्ष्मदर्शकही नसलेला अध्यापक हे लेख कोठून आणणार, याचा विचार कुणी केला नाही. मग महाविद्यालये एकदिवसीय चर्चासत्रे भरवू लागली. नोंदणी शुल्कातच विशेषांकातील लेखाचे पैसे धरलेले असतात, त्यामुळे सकाळी उद्घाटन, दुपारी जेवण आणि संध्याकाळी ‘पेपर टाकला’ अशी सगळ्यांचीच सोय झाली.

ही सोय जगाच्या नजरेतून सुटली नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकाने 2013 मध्ये पत्रकार जॉन बोहॅनन यांनी रचलेला एक सापळा प्रसिद्ध केला. दगडफुलाच्या जातीतील वनस्पतीतून कर्करोगावर औषध सापडल्याचा बनावट आणि ढोबळ चुकांनी भरलेला लेख त्यांनी 304 मुक्त-प्रवेश (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नल्सकडे पाठवला होता. 157 जर्नल्सनी तो स्वीकारला. ज्यांना तो पाठवला गेला, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जर्नल्स भारतातली होती. (दगडफूल म्हणजे शैवाल आणि बुरशी यांचे सहजीवन, त्याला वनस्पती म्हणू नये, हे मी प्रथम वर्षाला शिकवतो. वरच्या वाक्यातली ही चूक मात्र बोहॅनन यांची नाही, ती माझी आहे आणि मुद्दाम केलेली आहे. किती जणांना खटकली ते कळवा.)

त्यानंतर आयोगाने उपाय केला तो याद्यांचा. 2017 मध्ये मान्यताप्राप्त जर्नल्सची भली मोठी यादी निघाली आणि विद्यापीठांनी सुचवलेली नावेही तिच्यात आली. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विद्यापीठांनी सुचवलेल्या भागातील 1,009 जर्नल्स तपासून 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे 34.5 टक्के जर्नल्सचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावे अशी मूलभूत माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती, आणि आणखी 52.3 टक्के जर्नल्सनी चुकीचा आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) किंवा खोटा इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांचे दाखले किती घेतले जातात याचे माप) अशी दिशाभूल केलेली होती किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच तोकडी होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4,305 जर्नल्स यादीतून काढली, पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आणली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद करून पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. पीएचडीसाठीची प्रकाशनाची सक्ती 2022 मध्ये उठली, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. बाकी याद्या बदलल्या. मोजणी तशीच राहिली.

मला सर्वांत जास्त राग येतो तो ‘बहुविद्याशाखीय’ या शब्दाच्या दुर्दशेचा. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात वैद्यक, लोकसंख्याशास्त्र आणि गावाची भाषा हे सारे एकमेकांत मिसळलेले होते. थोडेफार शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवले गेले. प्रयोगाच्या 39 गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी 62 वरून तिसऱ्या वर्षी 25.5 वर आले. पायाभूत मोजणी 1993 मध्ये सुरू झाली आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील लेख डिसेंबर 1999 मध्ये छापून आला. सहा वर्षांच्या त्या कामाचा हा मुख्य लेख गुणांच्या तक्त्यात एका ओळीपेक्षा जास्त जागा घेत नाही.

त्याच मुलुखातले दुसरे उदाहरण कायद्याचे आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीने 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. खुल्या पत्रासाठी आपल्या तक्त्यात रकानाच नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की पदोन्नतीच्या फाईलमध्ये लेखांची संख्या विचारूच नये. उमेदवाराने स्वतःचे उत्तम दोन लेख द्यावेत, समितीतील विषयतज्ज्ञाने ते खरोखर वाचावेत आणि त्यावर तासभर प्रश्न विचारावेत. ज्याला केवळ चांगले शिकवायचे आहे, त्याला लेखाशिवायही वरची श्रेणी मिळावी. वाचायला वेळ लागतो ही अडचण मला मान्य आहे, पण मोजणाऱ्या समित्यांवरही वेळ जातोच.

आणि हो, माझ्याही यादीत 2012-13 मधले असे दोन लेख होते. पैसे भरून छापलेले, एका शब्दाचाही बदल न सुचवता स्वीकारलेले. गेल्या आठवड्यात महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील माझ्या माहितीतून मी ते काढायला सांगितले. दुसऱ्याच दिवशी नॅकचे, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे, काम पाहणाऱ्या सहकाऱ्यांचा फोन आला : “सर, आकडा कमी दिसतोय, अहवाल जाईपर्यंत राहू द्या ना.”