येथे अर्ज स्वीकारले जात नाहीत

नाशकात गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) बसून दुतोंड्या मारुतीचं चित्र काढणाऱ्या माणसाच्या हातात कोणी गटारीचा अर्ज का द्यावा? परवा रविवारी सकाळी मला दिला. सोबत झेरॉक्स जोडलेल्या.

चित्राचं कारण एवढंच की हल्ली मन कशातच लागत नाही. बायको म्हणाली, मोबाईल घरी ठेव आणि हातानं काहीतरी कर. त्यात मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचलेलं. (हे आडनाव एका दमात म्हणता येणं हीच खरं तर एकाग्रता.) त्यानं गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, सर्जन अशांना विचारून शोधलं, की माणूस लोळताना नाही, कामात बुडालेला असताना खुश असतो. काम झेपेल इतपतच अवघड हवं, पुढं काय करायचं ते स्पष्ट हवं, जमतंय का ते लगेच कळायला हवं. मग वेळेचं भान उरत नाही. आणखी एका इटालियन गृहस्थानं 1980 च्या दशकात टोमॅटोच्या आकाराचं टायमर लावून 25 मिनिटं अभ्यास करायची युक्ती काढली म्हणे. टोमॅटोनं चित्त स्थिर होत असतं तर आमच्या पिंपळगाव बसवंतच्या मार्केटात एव्हाना सगळे ऋषी झाले असते.

तर मारुती. पुरात उभं राहून कंबर, छाती, गळा अशी पाण्याची मापं द्यायची त्याला सवय, त्यामुळे मॉडेल म्हणून उत्तम. एक तोंड झालं, दुसऱ्याला हात घातला आणि कानाशी आवाज आला, "सिंहस्थाचं ना?"

कानटोपी, काखेत प्लॅस्टिकची पिशवी.

"नाही काका, चित्र काढतोय."

"तेच ते. 2015 च्या कुंभाच्या आधी पण एक जण असाच काढून गेला. मग आमचा ओटा गेला."

"अहो, मी स्वतःसाठी काढतोय."

"सगळे स्वतःसाठीच काढतात, साहेब."

मग वहीवर वाकून, "यात आमची गल्ली कुठाय?"

"गल्ली नाहीये. मारुती आहे."

"मग मागं दाखवा की. एवढं पांढरं सोडलंय."

तेवढ्यात चहाच्या टपरीवरून बाई ओरडल्या, "दादा, माझी टपरी नका घेऊ हां त्यात!" नाही घेतली म्हटलं, तर हात पुसत बघायलाच आल्या. "मग ही काय?" ती मारुतीची सावली होती. "खोडा ना साहेब," काका म्हणाले, "गरीब बाई आहे." खोडली. उन्हात उभा असूनही सावली नसलेला तो नाशकातला एकमेव देव असावा.

काकांनी मग पिशवी सोडली. कोणत्या तारखेला कोणाला भेटले, तो काय म्हणाला, दुसऱ्या टेबलावर कसं पाठवलं, तिथला जेवायला कसा गेला होता, सगळं तोंडपाठ. ध्येय स्पष्ट, काम झेपेल इतपत अवघड, वेळेचं भान शून्य. वर वर्णन केलेली ती अवस्था मी समोर बसून पाहत होतो. फक्त ती मला यायची होती!

आणि गटार खरंच तुंबलेली आहे हो. फोटो बघितले, उंबऱ्यापर्यंत पाणी. त्या माणसाला वही-पेन्सिलवाला कोणीही साहेब वाटावा इतकी वर्षं कोणी ऐकलेलं नाही, याचा राग येतो. पण माझी सकाळ त्याची भरपाई म्हणून का? कॅफेत बसावं तर गाणी, बागेत बसावं तर लाफ्टर क्लब, घरी बसावं तर कुकर.

"पोच द्या," काका म्हणाले.

"मी कोणीच नाहीये, काका."

"तिथले पण असंच म्हणतात."

सही देत नाही म्हटल्यावर त्यांनी वही ओढली आणि मारुतीच्या दुसऱ्या, अर्ध्या तोंडाशेजारी बॉलपेननं लिहिलं, 'समक्ष दाखवले'. खाली सही, तारीख. मग पेन टपरीवाल्या बाईंपुढे धरलं.

"तुम्ही पण करा. साक्षीदार लागतो."