खराटा, बटाटा आणि नोकरीची मुलाखत

खानापूर तालुक्यातल्या आणि बेळगावच्या पश्चिमेकडील गावांतल्या, दहावी-बारावी किंवा आयटीआय झालेल्या मुलामुलींसाठी आम्ही काही शिक्षक मिळून मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीनंतर खेळांवर आधारलेली कार्यशाळा घेतो. यंदाच्या कार्यशाळेच्या तिसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील शाळेच्या व्हरांड्यात येऊन थांबले, थोडा वेळ आतला गोंधळ पाहत राहिले आणि मग त्यांनी मला विचारले, “सर, पोराच्या नोकरीचं बघायचं सोडून हे खेळ काय घेतलासा?” त्यांचा प्रश्न रास्त होता. आत त्यांचा मुलगा खराट्याच्या हिरांवर, म्हणजे काड्यांवर, बटाटा उभा करण्याच्या खटपटीत होता. त्या वेळी मी त्यांना जे उत्तर दिले ते मलाच अपुरे वाटले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

खेळ असा आहे. चौघांच्या एका गटाला वीस हीर, हातभर सुतळी, हातभर चिकटपट्टी आणि एक बटाटा द्यायचा. अठरा मिनिटांत जमिनीवर मनोरा उभा करायचा, बटाटा अगदी टोकावर राहिला पाहिजे आणि कोणी हात लावून आधार द्यायचा नाही. मूळ खेळ पीटर स्किलमन या डिझायनरने रचलेला असून त्यात कच्च्या स्पॅगेटीच्या काड्या आणि वर मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई असते. टॉम व्यूजेक यांनी तो अनेक ठिकाणी घेतला आणि त्यांच्या निरीक्षणानुसार बालवाडीतून नुकतीच बाहेर पडलेली मुले व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधरांपेक्षा सरासरीने उंच मनोरे बांधतात. कारण साधे आहे. मोठी माणसे आधी नेता ठरवतात, आराखडा करतात, सगळा वेळ बांधण्यात घालवतात आणि शेवटच्या मिनिटाला वरचे ओझे ठेवतात. तेव्हा मनोरा कोसळतो आणि दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो. लहान मुले पहिल्यापासूनच ते ओझे वर ठेवून पाहतात, पडले की पुन्हा बांधतात.

आमच्याकडे स्पॅगेटी कुठली? पण हीर घेतल्याने एक अनपेक्षित फायदा झाला. स्पॅगेटी मोडते, तर हीर वाकतो, आणि त्याचे एक टोक जाड व दुसरे बारीक असते. नंदगडकडचा एक मुलगा, ज्याने दोन दिवस तोंडातून शब्द काढला नव्हता, त्याने पंधराव्या मिनिटाला गटातल्या तिघांना थांबवले आणि सगळे हीर उलटे करून जाड बाजू वर, बारीक बाजू खाली अशी मांडायला सांगितली. मनोरा पडला. मग त्याने तीन-तीन हीर उलटसुलट जोडून, सुतळीने आवळून त्यांची जुडी केली, ज्याप्रमाणे त्याच्या घरी कुंपणासाठी काठ्या बांधतात, आणि त्या जुड्यांचा तिवईसारखा पाया उभा केला. मनोरा जेमतेम गुडघाभर उंचीचा झाला, पण बटाटा टिकला. दुसऱ्या गटाचा मनोरा त्याच्या दीडपट होता आणि सतराव्या मिनिटाला बटाट्यासकट आडवा झाला.

इथपर्यंत ही केवळ करमणूक आहे, हे मला मान्य केले पाहिजे. पहिली दोन वर्षे मी खेळ इथेच संपवत असे. जिंकलेल्या गटाला चॉकलेट, सगळ्यांच्या टाळ्या आणि पुढचा खेळ. सहा महिन्यांनी त्यातल्या काही मुलांना भेटलो तेव्हा त्यांना चॉकलेटचे नाव आठवत होते, बाकी काही नाही. त्याच सुमारास एका महाविद्यालयात बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाची एक दिवसाची कार्यशाळा मी मागे बसून पाहिली. पडद्यावर इंग्रजीतल्या स्लाइड, फुगे फोडण्याचा खेळ, शेवटी प्रमाणपत्रे आणि समूहछायाचित्र. फुगे का फोडले, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. त्या प्रशिक्षकाला हसावे, तर माझेही तेच चालले होते, फक्त फुग्यांच्या जागी बटाटे होते.

आता अठरा मिनिटांच्या खेळानंतर आम्ही निदान पंचवीस मिनिटे गोलाकार बसतो. डेव्हिड कोल्ब या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ साली अनुभवातून शिकण्याचे जे चक्र मांडले, त्यात अनुभव हा चारांपैकी एक टप्पा आहे. त्या अनुभवाकडे मागे वळून पाहणे, त्यातून काही सूत्र काढणे आणि ते पुन्हा करून पाहणे, हे उरलेले तीन. आमचे प्रश्न अगदी साधे असतात. मनोरा पहिल्यांदा पडला तेव्हा तुम्ही कोणाकडे पाहिले? ज्याची कल्पना फसली त्याला कोण काय म्हणाले? बोलायचे होते पण बोललो नाही, असे कोणाचे झाले? नंदगडच्या त्या मुलाला मी विचारले की हे पंधराव्या मिनिटाला सुचले का. तो म्हणाला, “सुचलं होतं आधीच, सर. पण ही तिघं पटापट बोलालती, मधी कसं बोलायचं?” गटातल्या बाकीच्यांचे चेहरे त्या क्षणी पाहण्यासारखे झाले होते. संघात काम करण्याविषयी मी तासभर बोललो असतो, तरी ते चेहरे तसे झाले नसते.

असे बोलणे, ऐकणे, संघात काम करणे याला आज ‘सॉफ्ट स्किल’ म्हणतात, पण या शब्दाचा जन्म आपल्याला वाटतो तसा एखाद्या कॉर्पोरेट कचेरीत झालेला नाही. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण विभागाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७०च्या सुरुवातीला हा शब्द वापरात आणला. यंत्राशी किंवा शस्त्राशी ज्याचा थेट संबंध येतो ते कौशल्य ‘हार्ड’, आणि माणसांशी, कागदांशी, देखरेखीशी ज्याचा संबंध येतो ते ‘सॉफ्ट’, अशी ती ढोबळ विभागणी होती. ज्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, त्या बेळगावच्या माणसाला हे सांगितले की तो लगेच मान डोलावतो. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने याचे मर्म मला माझ्यापेक्षा नेमके सांगितले. साचा बिघडला तर तो फोडून वाळू पुन्हा वापरता येते, परंतु पाळी बदलताना आधीच्या माणसाने काय बिघडले हे पुढच्याला सांगितलेच नाही, तर सबंध पाळीचे कास्टिंग भंगारात जाते.

आता आपल्या सीमाभागाविषयी. आपल्याकडच्या मुलांमध्ये परिस्थितीनुसार स्वतःला बदलण्याची क्षमता कमी आहे, असे मला मुळीच वाटत नाही. उलट ती इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिला कोणी कौशल्य समजतच नाही. आमचा एक खेळ असा आहे की एकाने उभे राहून गोष्ट सांगायची आणि टाळी वाजली की भाषा बदलायची, गोष्ट मात्र थांबता कामा नये. मराठीतून कन्नड, कन्नडमधून हिंदी, जमल्यास कोकणी किंवा इंग्रजी. गेल्या वर्षी एक मुलगी आली होती, जी मुलाखतीच्या सरावात इंग्रजीतले दुसरेच वाक्य अडल्यावर मान खाली घालून बसली होती. या खेळात तिने बाजाराच्या दिवसाची गोष्ट सुरू केली आणि टाळ्यांमागून टाळ्या वाजत असताना “एष्टु?” (किती?), “स्वल्प कडिमि माड्री” (थोडं कमी करा) असे गिऱ्हाइकाचे कन्नड, आईचे मराठी आणि गोव्याहून आलेल्या व्यापाऱ्याचे कोकणी-हिंदी मिश्रण अशी तीन माणसे तिने आमच्यासमोर उभी केली. ती लहानपणापासून आईबरोबर भाजीच्या पाटीमागे बसलेली आहे. समोरच्या माणसाची भाषा, त्याची घाई आणि त्याचा खिसा तिला दोन वाक्यांत कळतो. नंतरच्या चर्चेत मी तिला विचारले की मुलाखतीच्या अर्जात ‘कौशल्ये’ या रकान्यात तू काय लिहिलेस. तिने लिहिले होते, ‘एमएस-सीआयटी’. तेवढेच.

विटीदांडूचे आकडे आठवून पाहा. वकट, लेंड, मुंड, नाल. आपण ते मराठी समजून म्हणत आलो, पण ते तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या अंकांशी सरळ जुळतात. शेजारच्याची भाषा खेळातून आपल्या तोंडात कधी बसली, ते आपल्याला कळलेदेखील नाही. आणि हे केवळ आपलेच वैशिष्ट्य आहे असेही नाही. आज जगभरच्या कार्यशाळांत जे नाट्यखेळ घेतले जातात, त्यांचा एक मोठा उगम शिकागोमध्ये आहे. तिथल्या हल हाउस या वस्तीकेंद्रात नेव्हा बॉइड यांच्या हाताखाली व्हायोला स्पोलिन यांनी शिक्षण घेतले, आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस देशोदेशींहून आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करताना, भाषेची अडचण ओलांडता यावी म्हणून, त्यांनी आपले खेळ विकसित केले. म्हणजे ज्याला आज महागड्या हॉटेलांच्या सभागृहांत शिकवतात, ते मुळात वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या गरीब वस्तीसाठी तयार झालेले आहे. आपल्या गल्लीत ते परत आणले तर त्यात उपरे काही नाही.

या खेळांनी खरोखर काही होते का, याविषयी संशोधन आहे, परंतु ते वाचताना हात राखून वाचावे. २०२०मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अवघ्या वीस मिनिटांच्या उत्स्फूर्त नाट्यखेळांनंतर सहभागींची अनिश्चितता सहन करण्याची तयारी वाढल्याचे दिसले. मात्र मोजणी खेळानंतर लगेचच केलेली होती, ती तयारी पुढच्या सोमवारी किती उरते हा वेगळा प्रश्न आहे. आपल्या कर्नाटकातला अभ्यास मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. बंगळुरूच्या पाच वस्त्रनिर्मिती कारखान्यांत महिला कामगारांना सोडतीने निवडून संवाद, वेळेचे नियोजन, अडचण सोडवणे अशा गोष्टींचे सुमारे ऐंशी तासांचे प्रशिक्षण देण्यात आले. ऐंशी तास, एक दिवस नव्हे. प्रशिक्षित कामगारांची उत्पादकता साधारण १३ टक्क्यांनी वाढली आणि कंपनीला खर्चाच्या कितीतरी पट परतावा मिळाला. त्या कामगारांच्या पगारात मात्र नाममात्र वाढ झाली.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे, कारण ‘जुळवून घेणे’ हा शब्द आपल्या घरांत फार स्वस्त आहे. लग्न ठरलेल्या मुलीला तो सांगतात, नोकरीला लागलेल्या मुलाला साहेबाच्या बाबतीत सांगतात, आणि सीमाभागातल्या मराठी माणसाला तर १९५६ सालापासून कोणी ना कोणी सांगतच आले आहे. माझ्या मते कार्यशाळेत जी लवचिकता शिकवायची ती ही नव्हे. मनोरा पडल्यावर त्या मुलाने पडलेल्या मनोऱ्याशी जुळवून घेतले नाही, त्याने जुडी बांधण्याची रीत बदलली. आपण वाकायचे की रीत बदलायची, हा फरक मुलांना, त्यातही मुलींना, बोलून दाखवावा लागतो. त्यासाठी एका खेळात आम्ही मुद्दाम अन्यायाचा नियम घालतो, उदाहरणार्थ एका गटाला अर्धेच हीर द्यायचे. बहुतेक गट मुकाट्याने कमी हिरांत मनोरा बांधायला लागतात. आजवर केवळ एका गटाने उठून “आम्हाला कमी का?” असे विचारले, आणि मला त्या दिवशी फार बरे वाटले.

मातीविषयी थोडे सांगून थांबतो. डेन्मार्कच्या ‘लेगो’ या प्रसिद्ध ठोकळ्यांनी मनातले प्रश्न मांडून दाखवण्याची एक पद्धत १९९०च्या दशकात तयार झाली. ठोकळे आम्हाला परवडत नाहीत, पण खानापूरला कुंभारकामाची माती आहे आणि ती मागितली तर मिळते. ‘नोकरीचा पहिला दिवस’ मातीत करा, असे सांगितल्यावर कोणी बस केली, कोणी डबा केला. एका मुलाने खुर्ची केली, तिचा एक पाय आखूड होता. चुकून झाला असेल म्हणून मी मातीचा गोळा पुढे केला, तर त्याने तो घेतला नाही. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेला असताना त्याला कोणी ‘बस’ म्हणाले नव्हते आणि बसू का असे विचारण्याचे त्याला सुचले नव्हते, त्यामुळे सगळी मुलाखत त्याने उभ्याने दिली होती. त्यानंतर आम्ही पंधरा जणांनी एकामागून एक दारातून आत येऊन “बसू का?” असे विचारण्याचा सराव केला, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. तिसऱ्या फेरीपर्यंत हसून हसून सगळ्यांचे पोट दुखायला लागले होते आणि तो मुलगा स्वतः साहेब होऊन खुर्चीवर बसला होता.

व्हरांड्यातल्या त्या वडिलांना मी शेवटी आत बोलावले आणि एक बटाटा हातात दिला. त्यांच्या गटाचा मनोरा दोनदा पडला. जाताना त्यांनी कार्यशाळेविषयी चांगले किंवा वाईट काहीच म्हटले नाही, फक्त सुतळी जरा जाड पाहिजे होती, एवढे सांगितले. पुढच्या वेळी जाड सुतळी आणणार आहे. कोणाच्या घरी जुने खराटे असतील तर टाकून देऊ नका, शनिवारी सकाळच्या शाळेनंतर मी येऊन घेऊन जाईन.