पहिल्या क्वार्टरमधला फाऊल आणि शेवटच्या मिनिटातला

नमस्कार 'झोन डिफेन्स',

खरं नाव ठाऊक नाही, म्हणून टोपणनावानेच हाक मारतो. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिच्या प्लेऑफवरच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांवरच्या) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा थोडा कमी आला. चार ओळींत भागणारं नाही, म्हणून हे वेगळं उत्तर.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी धसमुसळेपणाला 'प्लेऑफचा बाज' असं गोंडस नाव देऊन डोक्यावर घेतलं. पंच मोठ्या शहरांच्या आणि मोठ्या खेळाडूंच्या बाजूने शिट्ट्या मारतात हे 2002 साली सगळ्यांनी पाहिलं, तरी मी त्याकडे कानाडोळा केला. उत्तेजकांवर एकच वाक्य लिहून सटकलो, तेही चुकीचं. 'गांजाला मोकळीक देऊन लीगने हात वर केलेत' हे तर लिहिलंच नाही. आणि शेवटी टोला: 'कधी स्वतः शिट्टी तोंडात धरली आहे का?'

धरली आहे. त्यावर येतोच.

उत्तेजकांचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. 'एनबीएचं धोरण ऑलिम्पिकइतकंच कडक आहे' असं मी लिहिलं होतं. ते साफ चूक. ऑलिम्पिकला 'वाडा'ची, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, संहिता लागू होते. एनबीएचं धोरण म्हणजे संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांनी टेबलावर बसून केलेला करार. त्यात उत्तेजक सापडलं तर पहिल्या वेळी 25 सामने बंदी, दुसऱ्यांदा 55, तिसऱ्यांदा हकालपट्टी. नियमित हंगाम 82 सामन्यांचा, म्हणजे पहिल्या गुन्ह्याला एक तृतीयांश हंगामसुद्धा जात नाही. 'वाडा'च्या हिशेबात जाणूनबुजून घेतलेल्या स्टेरॉइडला चार वर्षं. लांबचं कशाला, आपल्या सतनाम सिंगचंच पाहा. 2015 साली डॅलसने त्याला निवडलं, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पुढे इथे 'नाडा'च्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीत हायजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही असं तो सांगत राहिला, तरी दोन वर्षं गेली.

पण 'लीगने हात वर केले' हे मला पटत नाही. या धोरणाचा तोंडवळा असा का, हे समजायला 1983 पर्यंत मागे जावं लागतं. तेव्हा लीगची झोप उडवली होती ती कोकेनने, स्टेरॉइडने नव्हे. त्या साली झालेल्या पहिल्या करारात तीनदा सापडणाऱ्याला बाहेरचा रस्ता होता. मायकल रे रिचर्डसन हा न्यू जर्सीचा गार्ड. 1984 च्या प्लेऑफमध्ये गतविजेत्या फिलाडेल्फियाला पहिल्याच फेरीत घरी पाठवण्यात त्याचा मोठा वाटा होता. दोन वर्षांनी, 1986 मध्ये, तो याच कलमाखाली बाहेर. त्याच वर्षी जूनमध्ये लेन बायसला बॉस्टनने दुसऱ्या क्रमांकावर निवडलं आणि दोनच दिवसांत तो कोकेनने गेला. या धसक्यातून घडलेलं धोरण आजही तसंच आहे. घातक अमली पदार्थ सापडले तर किमान दोन वर्षं बाहेर (2016 मध्ये ओ. जे. मेयो, 2019 मध्ये टायरीक इव्हान्स), आणि ताकद वाढवणारं औषध सापडलं तर 25 सामने. 'वाडा'चं नेमकं उलटं: स्पर्धेबाहेर, खेळाशी संबंध नसताना घेतलेल्या कोकेनला तीन महिन्यांवर भागू शकतं, स्टेरॉइडला चार वर्षं. एकाला खेळाडू वाया जाण्याची भीती, दुसऱ्याला निकाल नासण्याची. प्लेऑफच्या दृष्टीने मला दुसरी भीती जास्त खरी वाटते. पण पहिलीला ढिलाई म्हणता येणार नाही.

गांजाचं म्हणाल, तर 2020 पासून त्याच्या चाचण्या थांबल्याच होत्या. 2023 च्या कराराने तो यादीतून अधिकृतपणे काढला. त्याआधीही पहिल्या वेळी उपचार, दुसऱ्यांदा 25 हजार डॉलर दंड आणि तिसऱ्यांदा पाच सामने एवढंच होतं. गांजा ओढून कुणाचा रिबाउंड वाढल्याचं ऐकिवात नाही. खेळाडू नशेत मैदानावर आला असं वाटलं तर संघ आजही त्याला उपचाराला पाठवू शकतो. या बाबतीत तुमचा राग चुकीच्या दारात उभा आहे.

रागवायचंच असेल तर रशार्ड लुइसचं प्रकरण घ्या. जून 2009 मध्ये तो ऑर्लँडोकडून फायनल खेळला. ऑगस्टमध्ये जाहीर झालं की त्याच्या चाचणीत डीएचईए हे उत्तेजक सापडलंय. शिक्षा दहा सामने (पहिल्या गुन्ह्याला तेव्हा तेवढीच होती), तीही पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला, जेव्हा थंडी पडायची असते आणि कुणाचंच फारसं काही अडत नाही. याउलट मिलवॉकीचा बॉबी पोर्टिस. त्याच्या एजंटच्या म्हणण्यानुसार कोपर दुखत होतं, नेहमीची परवानगी असलेली टोराडॉल ही वेदनाशामक गोळी समजून त्याने ट्रामाडॉल घेतली. ट्रामाडॉल जेमतेम वर्षभरापूर्वी बंदीच्या यादीत आली होती. फेब्रुवारी 2025 मध्ये बिनपगारी 25 सामने. आपल्या गल्लीतल्या केमिस्टकडेही या दोन नावांचा घोळ होऊ शकेल. ज्याची चूक समजण्यासारखी त्याला 25 सामने, आणि फायनल खेळलेल्याला दहा. तुम्हाला जे बोचतंय ते हेच असावं, फक्त तुम्ही बोट गांजावर ठेवलंत.

आता धसमुसळेपणा. 'बाज' हा शब्द मी मागे घेणार नाही, पण त्यामागे काय म्हणायचं होतं ते नीट लिहायला हवं होतं.

बास्केटबॉलमध्ये अंगाला अंग लागणं हा फाऊल नाही. पंचाने पाहायचं असतं ते त्या धक्क्याने समोरच्याची गती, चपळाई, तोल किंवा लय बिघडली का. 2004-05 च्या हंगामापासून बचावपटूने हात लावून ड्रिबल करणाऱ्याला वळवण्यावर लीगने कडक शिट्टी सुरू केली, तीही याच चार शब्दांच्या आधाराने. ऐकायला सोपं आहे. पण कबड्डीच्या पंचाला विचारा, पकड केव्हा पक्की झाली हे सांगणं किती सोपं असतं ते. प्लेऑफमध्ये भर अशी, की एका फेरीत तोच बचावपटू त्याच गड्याला सात-सात सामने अडवतो. तिसऱ्या सामन्यापर्यंत त्याला कळलेलं असतं की गडी डावीकडे वळण्याआधी खांदा टाकतो. मग तो खांदा टाकायच्या जागी आपली छाती आधीच आणून ठेवतो. टक्कर वाढते ती बहुतेक वेळा या ओळखीमुळे, रागामुळे नाही. माझं कौतुक या प्रकाराचं होतं.

1984 च्या फायनलमध्ये चौथ्या सामन्यात केव्हिन मॅकहेलने धावत सुटलेल्या कर्ट रॅम्बिसच्या गळ्यात हात घालून त्याला आडवा केला, त्याचं कौतुक मी कधी केलं नाही आणि करणारही नाही. मॅकहेलला साधं बाहेरसुद्धा काढलं नाही तेव्हा. बॉस्टनने तो सामना जादा वेळेत मारला आणि पुढे विजेतेपदही. आज तसं कुणी केलं तर मैदान सोडूनच जावं लागेल, वर प्लेऑफसाठी फ्लॅग्रंट, म्हणजे नको इतक्या जोराच्या, फाऊलच्या दंडगुणांचा हिशेब आहे. तीनच्या वर दंडगुण गेले की एक सामना बाहेर. ड्रेमंड ग्रीनला 2016 च्या फायनलमध्ये हाच हिशेब नडला. गोल्डन स्टेट 3-1 ने पुढे, आणि पाचव्या सामन्याला हा पठ्ठ्या शेजारच्या बेसबॉल स्टेडियममध्ये बसून टीव्ही बघतोय. क्लीव्हलँडने सिरीज 4-3 ने नेली. कडक होतं, पण अन्याय मला वाटला नाही. दंडगुण किती झालेत हे ग्रीनसकट सगळ्यांना माहीत होतं.

2007 मात्र अजून गळ्याखाली उतरत नाही. सॅन अँटोनियो आणि फीनिक्स, चौथा सामना, शेवटची काही सेकंदं, फीनिक्स जिंकल्यात जमा. रॉबर्ट होरीने स्टीव्ह नॅशला कमरेने असा ढकलला की तो बाजूच्या टेबलावर जाऊन आदळला. फीनिक्सचे अमारे स्टूडमायर आणि बोरिस डियॉ बाकावरून उठून काही पावलं पुढे आले आणि परत फिरले. कुणाच्या अंगाला बोट लावलं नाही. नियम सांगतो की हाणामारीच्या वेळी बाक सोडला की एक सामना बंद. हा नियम नव्वदच्या दशकातल्या मारामाऱ्यांमुळे कडक झाला. 1997 मध्ये न्यूयॉर्कचे पाच खेळाडू त्यात अडकले आणि मायामीने 3-1 ची पिछाडी भरून काढली. होरीला दोन सामने, त्या दोघांना एकेक. पाचवा सामना सॅन अँटोनियोने 88-85 असा घेतला, मग सिरीज, मग विजेतेपद. चोराला दोन फटके आणि संन्याशाला सुळी. लीगच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा प्रश्न न्यायाचा नसून अचूकतेचा आहे अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं होतं. अचूक होतंच ते. मोजपट्टी घेऊन बसलं की पावलं मोजता येतात.

आता शिट्टी.

जिल्हा पातळीवर सहा वर्षं पंचगिरी केली. मानधन म्हणजे वडापाव आणि येण्याजाण्याचं भाडं. एका आंतरशालेय अंतिम सामन्याला, सिमेंटच्या मैदानावर, नऊ सेकंद उरली असताना पाहुण्या संघाचा एक काटकुळा मुलगा ले-अपला, म्हणजे बास्केटजवळून बॉल टाकायला, उडाला. बचाव करणाऱ्याची कंबर त्याच्या मांडीला लागली. मी चार फुटांवर होतो. मला दिसलं. मुलाचा तोल गेला, बॉल बोर्डच्या कडेला लागून बाहेर, तो हातांवर पडला आणि तळव्याची कातडी सोलवटली. शिट्टी ओठांतच होती, तिचा प्लॅस्टिकचा तुरट वास अजून आठवतो. मी फुंकलं नाही. मनात म्हटलं, निकाल मुलांनीच ठरवू दे, मी कशाला मध्ये येऊ. यजमान संघ एका गुणाने जिंकला.

पाहुण्यांचे कोच माझ्याकडे आले. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाले, "सर, हाच फाऊल तुम्ही पहिल्या क्वार्टरमध्ये आमच्याविरुद्ध दिला होता."

मी मध्ये आलोच होतो. न वाजवूनही निकाल ठरतो, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून एप्रिल 2025 मध्ये डेट्रॉइट-न्यूयॉर्कचा चौथा सामना रात्री उशिरा बघताना पोटात गोळा आला. न्यूयॉर्क 94-93 पुढे, डेट्रॉइटचा टिम हार्डवे ज्युनियर कोपऱ्यातून तीन गुणांसाठी उडाला, न्यूयॉर्कचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर गेला. शिट्टी नाही. खेळ खल्लास. नंतर मुख्य पंच डेव्हिड गथ्री यांनी कबूल केलं की फाऊल द्यायला हवा होता. लीग 2015 पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा पंचनामाही जाहीर करते. त्याने गुण परत मिळत नाहीत, पण माझ्या त्या कोचना असा एक कागद तरी मिळायला हवा होता.

तर, पंच बायस्ड असतात का? एक पंच विकला गेला होता हे तर कोर्टात सिद्ध झालंय. टिम डोनाही, 13 हंगामांचा पंच, स्वतःच्याच सामन्यांची आतली माहिती सट्टेवाल्यांना देत होता. 2007 मध्ये गुन्हा कबूल केला, 15 महिन्यांची शिक्षा झाली. ज्या फीनिक्स सिरीजबद्दल वर लिहिलं तिचा तिसरा सामना त्यानेच चालवला होता, म्हणून ती जखम दुप्पट चिघळली. पण तुमचा 2002 चा मुद्दा वेगळा आहे. प्लेऑफमधला सॅक्रामेंटो आणि लॉस एंजेलिस लेकर्सचा सहावा सामना, चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सला 27 फ्री थ्रो, म्हणजे फाऊलबद्दल मिळणारे मोकळे फेक. पुढे डोनाहीनेच आरोप केला की तो सामना मुद्दाम लांबवला गेला. लीगने तो फेटाळला, आणि त्या सामन्याच्या पंचांविरुद्ध काही सिद्ध झालं नाही. तुम्ही ते सिद्ध झाल्यासारखं लिहिलंय. मला वाटतं तिथे पैसा नव्हता, होतं ते घरच्या प्रेक्षकांचं दडपण आणि तीन थकलेली माणसं. माझ्यासारखीच, फक्त मानधन जास्त. (2019 मध्ये सॅक्रामेंटोचा संघ वरळीला खेळून गेला तेव्हा माझ्या मागच्या रांगेत एक गृहस्थ बायकोला हाच सामना समजावून सांगत होते. सतरा वर्षांनी, मुंबईत!)

तुम्ही ते पटवून घेणार नाही, हे दिसतंय. मग असं करू. त्या चौथ्या क्वार्टरचं रेकॉर्डिंग आवाज बंद करून लावा. लेकर्सला मिळालेला प्रत्येक फाऊल कागदावर लिहा, समोर गती, चपळाई, तोल, लय असे चार रकाने. आणि ज्यांवर शिट्टी वाजलीच नाही ते धक्के वेगळ्या पानावर. त्या पानाची सुरुवात सॅक्रामेंटोच्या माइक बिबीच्या नाकावर बसलेल्या लेकर्सच्या कोबी ब्रायंटच्या कोपरापासून होईल, ते मीही लिहिणार आहे. माझा कागद रविवारपर्यंत तयार होईल. लेखातलं ऑलिम्पिकचं वाक्य आज दुपारीच बदललंय, खाली तुमच्या टोपणनावाने आभारही मानलेत.