सहापैकी सहा

पहाटे साडेपाचला बूट घालून अजिंक्यतारा चढायला निघालेल्या माणसाला सातारा मान देतो. यवतेश्वरच्या घाटात धापा टाकत पळणाऱ्याकडे तर लोक गाडी हळू करून कौतुकाने बघतात. पण त्याच वेळी घरात सतरंजीवर डोळे मिटून बसलेल्या माणसाबद्दल सगळ्यांचं एकच मत असतं : हा रिकामा आहे, याला काहीतरी काम सांगा.

माझं बीपी वाढल्यावर डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, नाहीतर ध्यान तरी करा." त्यातलं 'नाहीतर' मी घट्ट धरलं. भांडवल घरचंच होतं. मुंजीत उपरण्याआड वडिलांनी कानात सांगितलेला गायत्री मंत्र. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातली विश्वामित्रांची ऋचा, तीन चरण, 24 अक्षरं. आमच्या गल्लीतल्या भिशीचे नियम याहून लांब आहेत.

तरी करायचं तर रीतसर, म्हणून वाईला गेलो. साताऱ्याच्या माणसाला शास्त्रातलं काही अडलं की त्याने वाई गाठावी. प्राज्ञपाठशाळेचं गाव ते. धर्मकोशाचे जाडजूड खंड तिथेच तयार झाले. ओळखीतले एक वैदिक गुरुजी घाटाजवळ राहतात. म्हणाले, "म्हणून दाखवा बघू." मी मोबाइलवर मंत्र उघडला, आवाज लावला आणि चांगला घोळवून म्हटला. गुरुजी थोडा वेळ कृष्णेकडे बघत राहिले.

"ही रिंगटोनची चाल ना?"

मग त्यांनी पाणिनीय शिक्षेतला, म्हणजे उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथातला, एक श्लोक ऐकवला. गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान हलवणारा, लिहिलेलं बघून वाचणारा, अर्थ न कळणारा आणि बारीक आवाजाचा, हे सहा 'पाठकाधम', म्हणजे म्हणणाऱ्यांतले सगळ्यात वाईट. गुरुजी एकेक बोट मिटत होते आणि मी मनातल्या मनात बरोबरच्या खुणा करत होतो. चाल झाली, मोबाइल झाला. शेवटचा चरण मी एसटीच्या वेळेकडे बघून आटोपला होता. मान हलते ती स्पॉन्डिलायटिसमुळे, पण शिक्षेत वैद्यकीय दाखल्याची सोय नाही. सहापैकी सहा! शाळेत कुठल्याच विषयात मला पैकीच्या पैकी पडले नव्हते.

"स्वराला, म्हणजे आवाजाच्या चढउताराला जपा," गुरुजी म्हणाले. "अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, डोक्यावर उभी रेघ म्हणजे स्वरित, रेघ नाही तो उदात्त." (यातही पुढे भानगडी आहेत, त्या पुढच्या खेपेला, असंही म्हणाले.) एवढ्यावर थांबले असते तर बरं, पण त्यांनी त्वष्टा या देवांच्या कारागिराची गोष्ट सांगितली. त्याला इंद्राचा काळ ठरेल असा मुलगा हवा होता. यज्ञात 'इंद्रशत्रु' म्हणताना स्वर चुकला, अर्थ नेमका उलटा लागला, आणि मुलगा वृत्र इंद्राच्याच हातून मेला. मी बीपी उतरावं म्हणून जप करणार होतो. परतीच्या एसटीत पाचवड येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता.

घरी आईने वेगळंच काढलं. तिचं माहेर माण तालुक्यातलं. "अरे, गोंदवल्याच्या महाराजांनी जन्मभर तेरा अक्षरी नाम सांगितलं. श्रीराम जय राम जय जय राम. त्याला वर रेघ नाही, खाली रेघ नाही. तू वाईपर्यंत तंगड्या तोडल्यास कशाला?" मला यावर काही सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

वेळ ठरली ब्राह्ममुहूर्ताची. सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी तो सुरू होतो आणि 48 मिनिटं टिकतो. डिसेंबरात साताऱ्याला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेपाचच्या आत उठायचं. थंडीत गार पाण्याचं आचमन करताना 'केशवाय नमः' नीट निघतं, 'माधवाय नमः'ला दात वाजायला लागतात. आसनाबद्दल गीतेत स्पष्ट सांगितलंय : फार उंच नको, फार खाली नको, दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. मृगाजिन घरात ठेवलं तर वनखातं मला आत ठेवेल, म्हणून सतरंजीची दुहेरी घडी. गुडघ्यांविषयी मात्र गीता काही बोलत नाही. अर्जुनाला चंचल मनाची तक्रार करता आली, कारण त्याचे गुडघे शाबूत होते.

जप तीन प्रकारचा : मोठ्याने तो वाचिक, ओठातल्या ओठात तो उपांशु, मनातल्या मनात तो मानस. मनुस्मृतीच्या हिशोबाने यज्ञापेक्षा जप दहापट मोठा, उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट. हे कळल्यावर वाचिक करत बसायला मी काही खुळा नाही. मी थेट हजारपटीला हात घातला. त्या सकाळी बायको चहा देताना म्हणाली, "अहो, तुमचा मानस जप स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता."

म्हणजे मी घोरत होतो. ब्रह्मसूत्रात उपासना बसून करावी असं आहे, आणि त्यावर शंकराचार्यांचं भाष्य की आडव्या माणसाला अवचित झोप गाठते. बसल्या बसल्या झोपणारी जमात आचार्यांच्या नजरेतून सुटली. त्यांना कधी एसटीने प्रवास करावा लागला नव्हता.

गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "आधी वाचिक करा, हजारपटीचं पुढे बघू."

वाचिक सुरू झाला आणि घराला कळलं की मी जागा आहे. तिथून खरं सुरू झालं. माळ गोमुखीत धरायची, तर्जनी लावायची नाही, मधल्या बोटावर मणी ठेवून अंगठ्याने ओढायचा, 108 झाले की मेरुमणी न ओलांडता माळ फिरवायची. एवढं सगळं त्या लाल पिशवीत, न बघता. पिशवीत हात घातलेला बघून दूधवाला दारातून ओरडला, "काका, हात कशानं मोडला?" पाणी सुटलं की, "अहो, मोटर लावा, बसलेलेच आहात." आईला गोळी द्यायची असते, ती मीच, कारण बसलेलाच आहे. एकदा माझ्यापुढे लसणाचा गड्डा आला. मी डोळ्यांनीच उजवा हात दाखवला.

"डावा मोकळाच आहे की," बायको म्हणाली.

मन आवरत नाही, असं लोक म्हणतात. समर्थांना मनाची समजूत घालायला 205 श्लोक लागले, तेव्हा ते अवघड असणारच. पण माझं मन फारसं कुठे जात नाही. गेलं तर मोती चौकापर्यंत, पेढ्याचा वास घेऊन परत येतं. आवरत नाहीत ती बाकीची माणसं, आणि त्यांच्यासाठी अजून एकही श्लोक लिहिलेला नाही.

मग कुकर आला. बायको अंगणात तुळशीला पाणी घालत होती. तिथून म्हणाली, "अहो, किती झाल्या?"

"सत्तेचाळीस," मी म्हणालो.

ती तांब्या टाकून धावली. गॅस बंद केला, झाकणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. शिट्ट्या तीन झाल्या होत्या. सत्तेचाळीस मणी होते.

चिडेल असं वाटलं होतं, पण ती विचारात पडली. "एका माळेला किती वेळ लागतो हो तुम्हाला?"

एका मंत्राला दहा सेकंद धरले तर 108 ला अठरा मिनिटं. मी अभिमानाने सांगितलं. घाईने म्हणण्याचा दोष आता माझ्यात उरलेला नाही, हेही सुचवलं.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलंय आणि सेल आणायची कुणाला घाई नाही. वरण पाव माळेत होतं. मटकी अर्ध्या माळेत. गुरुजी मध्यंतरी साताऱ्याला आले होते, त्यांनी विचारलं, "नेम चुकत नाही ना?" मी उत्तर द्यायच्या आत बायको म्हणाली, "छे हो, मी चुकूच देत नाही." गुरुजींनी तिला भरभरून आशीर्वाद दिला. स्वर तपासायचे राहिलेच.

काल रात्री कोरेगावचा वाघ्या घेवडा भिजत घालायचा राहून गेला. आज पहाटे मी आचमनाला बसतोय तोवर आतून आवाज आला, "अहो, आज दोन माळा करा. आणि जरा सावकाश."