सहा महिन्यांची मुदत घटनेत नाही. कायद्यात आहे, पण तिला मागचं दार आहे

एखाद्या खासदाराची जागा रिकामी झाली की नाशिकच्या ग्रुपांवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: राज्यघटनेप्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावीच लागते, तारीख केंद्र सरकार ठरवतं, सहा महिने उलटले की घटनेचा भंग झाला, आपल्या महापालिकेचं याच निवडणूक आयोगानं काय केलं ते बघा, आणि मुदत थोडीच उरली असेल तर खर्च कशाला, दोन नंबरच्या उमेदवाराला खासदार करून टाका. शेवटी अर्थातच 'जास्तीत जास्त शेअर करा'.

या मजकुरातला राग खरा आहे, पण तो चुकीच्या पत्त्यावर जातोय.

पहिलं घटनेचं. पोटनिवडणुकीच्या मुदतीबद्दल घटनेत एक ओळ नाही. घटनेतले सहा महिने वेगळे आहेत: सभागृहाचा सदस्य नसलेला माणूस किती काळ मंत्री राहू शकतो, संसदेच्या दोन अधिवेशनांत किती अंतर चालतं, राष्ट्रपतिपद अचानक रिकामं झालं तर निवडणूक कधीपर्यंत घ्यायची. खासदार-आमदारांच्या जागेची मुदत 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 151अ मध्ये आहे, आणि हे कलमसुद्धा 1996 साली घातलेलं. त्याआधी मुदतच नव्हती. 1963 मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण पोटनिवडणुकीत नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, हे आपल्याकडे अजून अभिमानानं सांगतात. तेव्हा अशी जागा भरायला आयोगावर महिन्यांचं कसलंही बंधन नव्हतं.

तारीख सरकार ठरवतं, हेही खरं नाही. उलट सार्वत्रिक निवडणुकीची अधिसूचना आयोगाच्या शिफारशीवरून राष्ट्रपतींच्या नावानं निघते. लोकसभेच्या पोटनिवडणुकीची आयोग स्वतःच काढतो. सरकार चित्रात येतं ते एकाच ठिकाणी. मुदतीत निवडणूक घेणं अवघड आहे असं प्रमाणपत्र आयोगाला द्यायचं असेल, तर केंद्र सरकारशी सल्लामसलत करावी लागते. म्हणजे सरकारला विचारावं लागतं ते निवडणूक घेण्यासाठी नव्हे, न घेण्यासाठी. संशय घ्यायचाच असेल तर जागा ही आहे.

आता 'सहा महिने उलटले की भंग'. इथे जरा थांबू, कारण सगळा घोळ इथेच आहे. कलम 151अ ला दोन अपवाद आहेत. त्या सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर पोटनिवडणूक घ्यायची गरज नाही. आणि दुसरा अपवाद वर सांगितलेल्या प्रमाणपत्राचा. दुसऱ्याचा रास्त उपयोग कसा असतो ते काश्मीरमधल्या अनंतनागला दिसलं. मेहबूबा मुफ्ती यांनी 2016 मध्ये खासदारकी सोडली, 2017 मध्ये मतदान जाहीर झालं, पण शेजारच्या श्रीनगरच्या पोटनिवडणुकीत हिंसाचार उसळला आणि अनंतनागचं मतदान आधी पुढे ढकललं, मग रद्द केलं. जागा 2019 पर्यंत रिकामी राहिली. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी सप्टेंबर 2020 मध्ये वारले, मतदान 17 एप्रिल 2021 ला झालं. सहा महिने उलटले होते, पण मध्ये कोविड होता. या दोन्ही ठिकाणी 'अवघड' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पुण्याचं मात्र समजावूनही पटत नाही. खासदार गिरीश बापट 29 मार्च 2023 ला गेले. लोकसभेची मुदत 16 जून 2024 पर्यंत, म्हणजे साडेचौदा महिने बाकी. पहिला अपवाद लागू नव्हता. ऑगस्टमध्ये आयोगानं प्रमाणपत्र दिलं. कारणं दोन: यंत्रणा 2024 च्या तयारीत गुंतली आहे आणि निवडून येणाऱ्याला फार थोडा काळ मिळेल. गंमत अशी की त्याच सुमारास हाच आयोग देशात विधानसभेच्या सात पोटनिवडणुका घेत होता. त्यांचं मतदान 5 सप्टेंबरला झालं. आणि पुणे लोकसभेतच असलेल्या कसबा पेठेत आमदार मुक्ता टिळक डिसेंबर 2022 मध्ये गेल्यावर 26 फेब्रुवारीला मतदान उरकलंही होतं. त्या वेळी यंत्रणा मोकळी होती म्हणायची! मुंबई उच्च न्यायालयानं 13 डिसेंबर 2023 ला प्रमाणपत्र रद्द करून ताबडतोब पोटनिवडणूक घ्यायला सांगितलं. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, जानेवारी 2024 मध्ये स्थगिती मिळाली, आणि पुणेकरांनी मत दिलं ते थेट 13 मे 2024 ला, सार्वत्रिक निवडणुकीत. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर 30 मे 2023 ला गेले होते. तिथेही एक वर्षाहून थोडी जास्त मुदत होती, तिथेही पोटनिवडणूक झाली नाही.

'थोडा काळ' या कारणाचं पुढे काय झालं तेही पाहा. गोवर्धन शर्मा यांच्या निधनानं अकोला पश्चिमची विधानसभेची जागा नोव्हेंबर 2023 मध्ये रिकामी झाली. मार्च 2024 मध्ये आयोगानं तिथे लोकसभेबरोबरच पोटनिवडणूक जाहीर केली, तेव्हा विधानसभेचे आठ-नऊ महिनेच उरले होते आणि निकालानंतर नव्या आमदाराला सहासुद्धा मिळाले नसते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती रद्द केली. पुण्यात ऑगस्टमध्ये दहा महिने उरलेले असताना ते कमी वाटले, अकोल्यात त्याहून कमी चालणार होते. वर्ष मोजायचं जागा रिकामी झाल्याच्या दिवसापासून की नवा माणूस निवडून येण्याच्या दिवसापासून, यावरच खटले होत राहतात. तेव्हा 'घटनेचा भंग' म्हणून ओरडून काही हाती लागत नाही. आयोगाचा वकील शांतपणे प्रमाणपत्र पुढे ठेवतो. मागणी करायची तर 'अवघड' म्हणजे नेमकं काय ते कायद्यात लिहा, आणि प्रमाणपत्र कारणांसकट सहा महिने संपायच्या आत जाहीर करा, ही करावी.

घाईचाही एक नमुना आहे, तो या मजकुरात कधी येत नाही. लक्षद्वीपचे खासदार जानेवारी 2023 मध्ये दोषी ठरून अपात्र झाले आणि आयोगानं आठवडाभरात पोटनिवडणूक जाहीरही केली. मग केरळ उच्च न्यायालयानं दोषसिद्धी स्थगित केली आणि आयोगाला निवडणूक थांबवावी लागली.

महापालिकेचं लगेच सांगून टाकतो. नाशिक महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासक बसला, ही चीड रास्तच. पण महापालिका, जिल्हा परिषदा राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. ती वेगळी घटनात्मक संस्था आहे. तिथे प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे खटले होते. 151अ चा त्याच्याशी संबंध नाही.

दोन नंबरच्या उमेदवाराचं तर सोडाच. निधनानं किंवा राजीनाम्यानं जागा रिकामी झाली तर मतदारांकडेच जावं लागतं. निवडणूक याचिकेत विजेत्याची निवड रद्द ठरली तरच न्यायालय दुसऱ्याला विजयी घोषित करू शकतं, तेही ठरावीक कारणांवर.

उरला खर्च. पोटनिवडणुकीला पैसा लागतो, हे खरंच. पण जागा रिकामी ठेवणं फुकट पडत नाही. खासदाराला वर्षाला पाच कोटींच्या विकासनिधीतून कामं सुचवता येतात. जागा रिकामी असली की मतदारसंघातून ती सुचवायला कुणी नाही. आणि सभागृहात विचारायला कुणी नाही, हे नाशिक जिल्ह्याला सांगायला नको. ऑगस्ट 2023 मध्ये, म्हणजे पुण्याचं प्रमाणपत्र निघालं त्याच महिन्यात, केंद्रानं कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं; लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली. त्या वेळी दिंडोरीच्या खासदार डॉ. भारती पवार केंद्रात राज्यमंत्री होत्या आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. म्हणजे जिल्ह्यातून सरकारला प्रश्न टाकू शकणारे दोघेच, नाशिकचे आणि मालेगाव-बागलाण ज्यात येतं त्या धुळ्याचे. त्यातली एखादी जागा तेव्हा रिकामी असती आणि 'थोडेच महिने उरलेत, खर्च कशाला' असं कुणी म्हटलं असतं, तर निफाड-चांदवडच्या शेतकऱ्यानं ते ऐकून घेतलं असतं का?